अविवाहित पुरुष आणि हिंसा : एका उपपत्तीचे परीक्षण

१

विवाहाची इच्छा असूनही ज्यांना वधू मिळत नाही, अशा पुरुषांची संख्या एखाद्या समाजात वाढली, तर त्या समाजातील हिंसाचारही वाढतो काय, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत लोकसंख्याशास्त्र, समाजशास्त्र व राज्यशास्त्र ह्या तिन्ही शास्त्रांत चर्चिला गेला आहे. प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देणाऱ्यांचे पारडे सामान्यतः जड दिसते. प्रस्तुत लेखात ह्या उत्तराच्या आधारांची तपासणी करण्याचे योजिले आहे. उदाहरणे शक्यतो महाराष्ट्रातील व विशेषतः विदर्भातील घेतली आहेत. उपपत्ती परदेशात जन्मास आली असली, तरी तिच्यावरून काढलेले निष्कर्ष आपल्या नागपुरात, इतवारीच्या गल्ल्यांतही, नित्य व्यवहारात वापरले जातात, हे त्याचे कारण होय.

आरंभीच संज्ञेचा विचार करणे अवश्य आहे. ‘अनैच्छिक ब्रह्मचर्य’ असा शब्दप्रयोग आपल्याकडे केला, तर तो वदतोव्याघात वाटतो. कारण ब्रह्मचर्य हे व्रत आहे आणि व्रत हे स्वीकारलेलेच असते. लादलेल्या अविवाहितपणासाठी मराठीत गौरवाचा एकही शब्द नाही. जे शब्द आहेत, ते उपहासाचे वा संशयाचे आहेत. लग्नाचे वय उलटून गेलेल्याला आपण घोडनवरा म्हणतो. मागेपुढे कोणी नसलेल्याला सडाफटिंग म्हणतो. आणि मुंज होऊन विवाहापूर्वीच मरण पावलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो व येणाऱ्याजाणाऱ्यांस पछाडतो, अशी लोकसमजूत आहे. अतृप्त पुरुष हा उपद्रवी असावयाचाच, हा सिद्धान्त लोकमानसाने संशोधकांच्या कितीतरी आधी मांडून ठेवलेला आहे. शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या एकट्या तरुणास ‘फक्त कुटुंबासाठी’ अशी पाटी जेव्हा परत पाठविते, तेव्हा तिच्यामागेही हाच सिद्धान्त उभा असतो. जी गोष्ट पूर्वीपासूनच खरी वाटत आली आहे, तिला शास्त्राची पुष्टी मिळाली की चिकित्सा थांबते. म्हणूनच ती येथे विशेष दक्षतेने करावयास हवी.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. स्त्रीसहवासाचा अभाव, विवाहाचा अभाव आणि प्रतिष्ठेचा अभाव ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. प्रचलित चर्चेत त्या एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. त्या वेगळ्या केल्या म्हणजे उपपत्तीचा बराचसा भाग आपोआप सुटा होतो, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. ह्या उपपत्तीचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे व्हॅलेरी हडसन व आंद्रेआ डेन बोअर ह्यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला ‘बेअर ब्रँचेस’ हा होय. वंशवृक्षाच्या ज्या फांदीला पालवी फुटत नाही, अशा अविवाहित पुरुषास चिनी भाषेत निष्पर्ण फांदी म्हणतात. त्यावरून हे नाव आलेले आहे. गर्भातील वा जन्मलेल्या मुलींचा नाश करणाऱ्या समाजांत अतिरिक्त पुरुषांचा एक वर्ग निर्माण होतो. हा वर्ग गरीब, अस्थिर व कुटुंबबंधनापासून मुक्त असतो. आणि तो अंतर्गत हिंसेस व प्रसंगी युद्धासही कारण होतो, असे ह्या लेखिकांचे प्रतिपादन आहे. १८५१ ते १८६८ ह्या काळात उत्तर चीनमध्ये झालेले निएन बंड हे त्यांचे एक प्रमुख उदाहरण आहे. भारतातील विषम स्त्री-पुरुष प्रमाणाचाही त्यांनी विस्ताराने विचार केला आहे.

ह्या प्रतिपादनास संख्यात्मक आधारही पुढे मिळाले. चीनमधील प्रांतवार माहितीवर आधारलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एडलुंड आदी संशोधकांच्या निबंधात, तरुण वयोगटातील पुरुषांचे स्त्रियांशी असलेले गुणोत्तर ०.०१ ने वाढले, तर गुन्ह्यांत सुमारे तीन टक्के वाढ होते, असा निष्कर्ष आहे. भारतापुरते पाहावयाचे, तर ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा ह्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला, जिल्हावार खुनांच्या प्रमाणाचा अभ्यास अधिक महत्त्वाचा आहे. दारिद्र्य वा नागरीकरण ह्यांचा खुनांशी लक्षणीय संबंध त्यांस आढळला नाही. साक्षरता जेथे अधिक, तेथे खून कमी आढळले. आणि सर्वांत ठळक संबंध आढळला तो स्त्री-पुरुष प्रमाणाशी. ज्या जिल्ह्यांत स्त्रिया तुलनेने कमी, तेथे खून अधिक.

विवाहाने पुरुष शांत होतो, ह्या समजुतीसही संशोधनाचा आधार आहे. बॉस्टन येथील बालगुन्हेगारांच्या एका गटाचा त्यांच्या वार्धक्यापर्यंत मागोवा घेऊन सॅम्पसन, लॉब व विमर ह्यांनी २००६ साली असे दाखविले की, एकच पुरुष विवाहित अवस्थेत असताना त्याच्याकडून गुन्हा घडण्याचा संभव सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होतो.

पूर्वपक्ष दुर्लक्षणीय नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. तो केवळ पूर्वग्रहातून निघालेला आहे असे म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही.

३

तथापि ह्या पुराव्यांतून ‘अविवाहित पुरुष हिंसक होतो’ हे विधान खरोखर निघते काय? प्रस्तुत लेखकाच्या मते निघत नाही. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण कार्यकारणाच्या दिशेचे. फिलिप ओल्डेनबर्ग ह्यांनी १९९२ साली उत्तर प्रदेशासंबंधी लिहिलेल्या एका छोट्या टिपणात हाच सहसंबंध उलट्या बाजूने वाचला. ज्या प्रदेशात जमिनीचे तंटे, वैर व मारामाऱ्या आधीपासूनच आहेत, तेथे कुटुंबास संरक्षणासाठी मनुष्यबळ, म्हणजेच मुलगे, हवे असतात. म्हणून तेथे मुली नकोशा होतात. ह्या वाचनात स्त्रियांची उणीव हे हिंसेचे कारण नसून तिचा परिणाम ठरतो. तिसरीही शक्यता उरतेच. ज्या समाजात पुरुषाची पत त्याच्या दांडगाईवर मोजली जाते, त्या समाजात मुलीही कमी जन्मतात व खूनही अधिक होतात. दोन्ही एकाच झाडाची फळे होत. द्रेझ व खेरा ह्यांचा सहसंबंध ह्या तिन्ही वाचनांशी सुसंगत आहे. त्यांपैकी एकच उचलून त्यास सिद्धान्ताचे रूप देणे शास्त्रीय नव्हे.

दुसरे कारण तर्कशास्त्रातील एका परिचित दोषाचे आहे. जिल्ह्याविषयी जे खरे असते, ते त्या जिल्ह्यातील व्यक्तीविषयी खरे असेलच असे नाही. पुरुषांचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यात खून अधिक होतात, ह्यावरून ते खून अविवाहितांनीच केले, असे ठरत नाही. स्त्रिया कमी असलेल्या प्रदेशात विवाहित पुरुष आपल्या पत्नीवर अधिक कडक पहारा ठेवीत असेल, मुलीचे बाप व भाऊ तिच्या निवडीवर अधिक हिंसक नियंत्रण ठेवीत असतील, वधू विकत आणली जात असेल. हरियाणातील परप्रांतीय वधूंविषयी रविंदर कौर ह्यांनी केलेल्या संशोधनावरून हे ध्यानात येते की, वधूंच्या दुर्मिळतेचा भार त्या दुर्मिळ स्त्रियांवरच, त्यांच्या स्थलांतराच्या व एकाकीपणाच्या रूपाने, पडतो. आणि तो भार विवाहाच्या द्वारेच पडतो.

तिसरे कारण प्रतिउदाहरणांचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमध्ये अविवाहित राहणाऱ्या पुरुषांचे प्रमाण युरोपात अत्यधिक होते. वारस ठरणाऱ्या मुलाने दीर्घकाळ बापाच्या शेतावर राबावे, मुलींनी शहरात वा परदेशी जावे, असा तेथील क्रम. त्याच आयर्लंडमध्ये त्या काळी खुनांचे प्रमाण युरोपातील नीचतम प्रमाणांपैकी होते. फ्रान्समधील बेआर्न ह्या आपल्या जन्मप्रदेशाविषयी पिएर बुर्दिए ह्यांनी १९६२ साली लिहिलेला निबंध तर आपल्याकडील अभ्यासकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. नाताळच्या नृत्याच्या प्रसंगी गावातील तिशी ओलांडलेले शेतकरी कडेला उभे राहतात, नाचत मात्र नाहीत. मुली शहरी वळणाच्या तरुणांबरोबर नाचतात. ज्यांच्याकडे जमीन आहे, तेच वरपदास अपात्र ठरले आहेत, ह्या उलथापालथीचे बुर्दिए ह्यांनी मार्मिक विश्लेषण केले आहे. ह्या पुरुषांचे दुःख खरे आहे. परंतु ते दुःख अंतर्मुख होते. ते लाजतात, अवघडतात, घरी परततात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अविवाहित शेतकऱ्यांविषयी नॅन्सी शेपर-ह्यूज ह्यांनी १९७९ साली लिहिलेल्या ग्रंथातही प्रश्न पुढे येतो तो मनोविकाराचा, दंग्याचा नव्हे.

आपल्याजवळचे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्या आसपास होती आणि पुढील दोन दशकांत ती त्याहूनही खाली गेली. त्या पुरुषांपैकी अनेकांच्या बायका कोकणात वा घाटावर होत्या. म्हणजे ते अविवाहित नव्हते, पण वर्षाचे अकरा महिने स्त्रीसहवासावाचूनच राहत होते. केवळ सहवासाचा अभाव हेच हिंसेचे मूळ असते, तर गिरणगाव हे अखंड रणक्षेत्र व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ह्या पुरुषांनी गावकीचे गाळे, खानावळी, भजनी मंडळे, व्यायामशाळा व पुढे कामगारसंघटना ह्यांचे एक दाट जाळे विणले. ह्याच जाळ्यातील आखाड्यांतून काही दादा लोकही निघाले; संप मोडण्यास व संप टिकविण्यास, दोन्ही कामी त्यांचा उपयोग होई, हे राजनारायण चंदावरकर ह्यांच्या संशोधनावरून कळते. तात्पर्य, हिंसा झाली ती संघटनेच्या व हितसंबंधांच्या मार्गाने झाली आणि शांतताही त्याच मार्गाने राखली गेली. शरीराच्या उपासमारीने ह्यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही.

हाच न्याय स्वेच्छेने स्वीकारलेल्या ब्रह्मचर्यासही लागू पडतो. अठराव्या शतकात नागा गोसाव्यांच्या सशस्त्र पथकांनी उत्तर हिंदुस्थानातील सत्ताधीशांची चाकरी केली. उलट वऱ्हाडातील ऋद्धिपूर ज्यांचे तीर्थस्थान, त्या महानुभाव संन्याशांनी अहिंसा हाच आचारधर्म मानला. दोघेही संसार सोडलेले. एकाच्या हाती शस्त्र आले व दुसऱ्याच्या हाती आले नाही, ह्याचे उत्तर त्यांच्या पंथांच्या इतिहासात शोधावे लागते. सॅम्पसन आदींच्या निष्कर्षाकडेही ह्याच दृष्टीने पाहावे. विवाहाने गुन्हा कमी होत असेल, तर त्यात दिनक्रम बदलणे, जुनी संगत सुटणे, कोणाला तरी आपली वाट पाहावयास लावणे ह्यांचा वाटा आहे. ह्या गोष्टी विवाहातून मिळतात. पण त्या विवाहातूनच मिळतात असे नाही.

४

आता महाराष्ट्राकडे वळू. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर येथे अविवाहित तरुणांचा एक मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला. मुंडावळ्या बांधलेले, नवरदेवाच्या वेषातील तरुण घोड्यावर बसून, वाजंत्री लावून निघाले. वृत्तपत्रांनी त्याचे वर्णन गमतीच्या सुरात केले. तथापि त्यांच्या निवेदनातील मागणीकडे लक्ष दिले, तर ती गंभीर होती : गर्भलिंगनिदानास आळा घालणाऱ्या कायद्याची कठोर अंमलबजावणी व्हावी. ज्यांच्याविषयी हिंसेचे भाकीत वर्तविले जाते, त्या वर्गाने आपले गाऱ्हाणे अर्जाच्या रूपाने, स्वतःचा उपहास पत्करून, शासनापुढे ठेवले. आपल्या एकाकीपणाचा दोष त्यांनी स्त्रियांवर टाकला नाही. एका मोर्चावरून सिद्धान्त उभारता येत नाही, हे खरे. परंतु एवढे प्रतिउदाहरण समोर असताना सिद्धान्त निःशंकपणे वापरताही येत नाही.

मात्र त्या तरुणांच्या कारणमीमांसेचीही चिकित्सा करणे प्राप्त आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ व २०११ साली ८९४ होती. बीड जिल्ह्यात ती २०११ साली ८०७ इतकी खाली गेली. महाराष्ट्राने ह्या बाबतीत १९८८ सालीच देशातील पहिला कायदा केला होता, हे लक्षात घेता हे आकडे लज्जास्पद आहेत. परंतु २०२२ साली पंचविशी-पस्तिशीत असलेला वर साधारणतः १९८७ ते १९९७ ह्या काळात जन्मलेला आहे. त्याच्या पिढीतील मुलींची तूट त्या मानाने सौम्य होती. वधू वराहून काही वर्षांनी लहान असावी, ह्या रूढीमुळे आणि जन्मप्रमाण घटत गेल्यामुळे ती तूट काहीशी वाढते, हे मान्य. तरीही आज खेडोपाडी जाणवणाऱ्या वधूंच्या दुर्भिक्षाचा संपूर्ण उलगडा त्यातून होत नाही. २०११ च्या गणनेतील बालके अद्याप विवाहाच्या बाजारात पुरती उतरलेलीच नाहीत.

मग आजचे दुर्भिक्ष कशाचे? पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण मराठवाड्याहून बरे असूनही, शेतकरी मुलास मुलगी मिळत नाही ही तक्रार तेथेही तितकीच ऐकू येते. मुलीच्या बापाला नोकरीचा जावई हवा असतो. कोरडवाहू कापसाच्या भरवशावर संसार उभा राहत नाही, हे तो स्वानुभवाने जाणतो. स्वतः शेतकरी असूनही तो शेतकऱ्यास मुलगी देत नाही. हा त्याचा स्वतःच्या जीवनावरील अभिप्राय होय. बेआर्नमध्ये जे घडले, तेच वर्धा-यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात घडत आहे.

ह्या संदर्भात जयंत दिगंबर सोमलकर ह्यांच्या ‘स्थळ’ ह्या चित्रपटाचा उल्लेख करणे उचित ठरेल. चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यात घडणारा हा चित्रपट २०२३ साली टोरांटो येथील महोत्सवात दाखविला गेला व तेथे त्यास आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. कापूस पिकविणाऱ्या कुटुंबातील एका शिकणाऱ्या मुलीला पाहण्याचे कार्यक्रम एकामागून एक होतात; तिचा वर्ण, तिची उंची, देण्याघेण्याची बोलणी ह्यांवरून ती नाकारली जाते. ह्या चित्रपटाचे समाजशास्त्रीय मोल असे की, ज्या बाजारात मुली नाहीत अशी ओरड आहे, त्याच बाजारात मुलगीही नाकारली जाते, हे तो कोणतेही भाष्य न करता दाखवितो. दुर्मिळ वस्तूची किंमत वाढते हा अर्थशास्त्रातील नियम येथे चालत नाही. कारण बाजारात मुलगी ही ग्राहक नसून परीक्षार्थी आहे. दुर्भिक्ष आकड्यांचे नसून अटींचे आहे. देवलांच्या १८९९ सालच्या ‘शारदे’तील वृद्ध भुजंगनाथाने पैशाच्या बळावर जी वधू मागितली, तिच्या मागेही असाच बाजार होता. वधूंची टंचाई निसर्ग निर्माण करीत नाही. ती रूढी व संपत्ती निर्माण करतात आणि तिची झळ निर्धन तरुणास व असहाय मुलीस सारखीच लागते.

५

उपपत्तीच्या समर्थनार्थ ज्या घटना पुढे केल्या जातात, त्याही तपासल्या पाहिजेत. २०१४ साली कॅलिफोर्नियातील आयला व्हिस्टा येथे व २०१८ साली टोरांटो येथे झालेल्या हत्याकांडांमागे स्त्रियांनी झिडकारल्याची भावना होती, असे त्या मारेकऱ्यांच्याच शब्दांवरून मानले गेले. परंतु टोरांटोच्या खटल्याचा २०२१ साली निकाल देताना न्यायाधीशांनी ह्या आत्मकथनावर पूर्ण विश्वास ठेवला नाही. कुप्रसिद्धी मिळविण्यासाठी आरोपीने त्या विचारसरणीचा आधार घेतला, असे त्यांस दिसले. येथे एक विसंगतीही नोंदविण्यासारखी आहे. ही संज्ञा १९९० च्या दशकात कॅनडातील एका तरुणीने, एकाकी स्त्री-पुरुषांस परस्परांचा आधार मिळावा, ह्या हेतूने रूढ केली होती. तीच संज्ञा पुढे द्वेषाचे निशाण झाली. एकाकीपण तेच होते. त्याचा अर्थ लावणारी कथा बदलली. ‘मला कोणी नाही’ ह्या वाक्याच्या जागी ‘माझ्या हक्काचे मला नाकारले गेले’ हे वाक्य आले आणि हिंसेचा उगम ह्या दुसऱ्या वाक्यात आहे. कॉस्टेलो व बस ह्या मानसशास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रश्नच उलटा विचारला : अशा पुरुषांची एवढी मोठी संख्या असताना हिंसा इतकी थोडी का? हा प्रश्न आपण गांभीर्याने घ्यावयास हवा.

आपल्याकडे ह्या दुसऱ्या वाक्याला एक गोंडस नाव आहे. ते म्हणजे ‘एकतर्फी प्रेम’. १९९० साली उल्हासनगर येथे परीक्षा देत असलेल्या एका शाळकरी मुलीस परीक्षेच्या खोलीतच जाळण्यात आले, तेव्हापासून हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांच्या मथळ्यांत वारंवार दिसतो. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेस भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. नागपूरच्या रुग्णालयात एक आठवडा झुंज देऊन १० फेब्रुवारीस तिने प्राण सोडला आणि बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, आरोपीस जन्मठेपेची शिक्षा झाली. ह्या प्रकरणाची चर्चा झिडकारलेल्या प्रेमाच्या परिभाषेत झाली. आरोपी मात्र विवाहित होता. एका अपत्याचा पिता होता. त्यास पत्नी होती, संसार होता. नव्हते ते एका स्त्रीचा नकार ऐकून घेण्याचे शिक्षण. विदर्भातील सर्वांत गाजलेले हे उदाहरण ज्या उपपत्तीखाली बसत नाही, ती उपपत्ती येथे कशी लावावयाची?

हे अपवादात्मक मानावे, तर आकडेवारीही तेच सांगते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवल्याचे सांगितले. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणी आरोपी हा पीडितेच्या ओळखीचाच असतो. स्त्रियांवरील हिंसेचा मोठा भाग घराच्या चौकटीत, विवाहाच्या संमतीखाली घडतो. त्यामुळे अविवाहितास हिंसेचा प्रतिनिधी ठरविणे म्हणजे दिवा अंगणात ठेवून घरातील अंधार झाकणे होय.

६

एखादी उपपत्ती अर्धवट खरी असली, तरी तिने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते व्यवहारात, आणि त्यासाठी इतवारीकडे पाहणे पुरेसे आहे.

धान्य, किराणा, सराफा व कापड ह्यांच्या ह्या जुन्या बाजारपेठेला लागूनच गंगा-जमुना ही वस्ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी ह्या वस्तीकडे जाणारे रस्ते बंद केले व तेथील व्यवसायावर निर्बंध घातले. तेथील स्त्रियांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. त्या निर्बंधांच्या युक्तायुक्ततेचा विचार हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय आहे तो अशा वस्त्यांच्या बाजूने सहजपणे केल्या जाणाऱ्या एका युक्तिवादाचा : ही वस्ती नसेल, तर एकटे हमाल, ट्रकचालक, परगावचे मजूर आपल्या घरांतील लेकीसुनांवर हात टाकतील. हा युक्तिवाद फार जुना आहे. सेंट ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस तो लिहून ठेवला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तो अंमलात आणला. सैनिकांपैकी फारच थोड्यांना पत्नी सोबत ठेवण्याची परवानगी होती. अविवाहित शिपाई आवरावा कसा, ह्या चिंतेतून १८६४ चा छावणी कायदा व १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा आला. त्यांखाली स्त्रियांची सक्तीने वैद्यकीय तपासणी होई, पुरुषांची नाही. नागपूरपासून हाकेच्या अंतरावर असलेली, १८२१ साली वसलेली कामठीची छावणी आपणांस ह्या इतिहासाची आठवण करून देण्यास पुरेशी आहे.

ह्या युक्तिवादात पुरुष म्हणजे वाफेने भरलेला बंब आणि स्त्री म्हणजे त्याची झडप असे गृहीत धरले आहे. काही स्त्रियांचा बळी दिल्याने इतर स्त्रिया वाचतात, हा त्याचा हिशेब आहे. आश्चर्य असे की, मुलींना जन्मू द्या, अन्यथा मुलग्यांना बायका कोठून मिळणार, हे सदिच्छेने केलेले आवाहनही त्याच गृहीतकावर उभे आहे. तेथेही मुलीच्या जगण्याचा अधिकार पुरुषाच्या शांततेपायी गहाण पडतो. उद्या पुरुषांची शांतता अन्य मार्गाने साधली, तर त्या मुलीच्या बाजूने बोलावयास काही उरत नाही. आणि ह्याच गृहीतकाने इतवारीत पाठीवर पोती वाहणाऱ्या, पैसे घरी पाठविणाऱ्या व खोलीसाठी दारोदार फिरणाऱ्या निरुपद्रवी तरुणास जन्मतः आरोपी ठरविले आहे. एकाच उपपत्तीने दोघांवर अन्याय होतो : तिने स्त्रीला साधन केले आणि गरीब पुरुषाला पशू केले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबतीची मिरवणूक निघते. १८८० च्या सुमारास सुरू झालेल्या ह्या उत्सवात हजारो तरुण बेभान होऊन नाचतात. महागाई, भ्रष्टाचार अशा सार्वजनिक दुखण्यांचे बडगे मिरवितात व अखेर जाळून टाकतात. ह्या तरुणांत विवाहित किती व अविवाहित किती, हे कोणी मोजीत नाही; मोजण्याची गरजही भासत नाही. त्या गर्दीतील संतापास एक रूप, एक मार्ग व एक शेवट दिलेला आहे. त्याच गर्दीस एखाद्याने वेगळे लक्ष्य दाखविले, तर काय होईल, ह्याचे उत्तर लग्नपत्रिकांत नव्हे, तर त्या दाखविणाऱ्याच्या हेतूंत शोधावे लागेल.

७

विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. स्त्रियांचे प्रमाण घटलेल्या प्रदेशांत हिंसा अधिक आढळते, हा सहसंबंध मान्य करावा लागतो. त्यातून अविवाहितपणा हिंसा निर्माण करतो, असे निष्पन्न होत नाही. अविवाहितपणाबरोबर दारिद्र्य, अप्रतिष्ठा व बेकारी येतात, तेव्हा एक दुःखी पुरुष तयार होतो. त्या दुःखास हक्कभंगाची कथा मिळते, संघटनेचे वा मद्याचे बळ मिळते आणि शिक्षा होणार नाही अशी खात्री मिळते, तेव्हा त्यातील काही पुरुष हिंसक होतात. ह्या अखेरच्या तीन गोष्टी विवाहितासही उपलब्ध असतात, आणि तोही तितकाच हिंसक होतो. हडसन व डेन बोअर ह्यांच्या ग्रंथाचे श्रेय असे की, मुलींचा नाश हा केवळ कुटुंबाचा खाजगी प्रश्न नाही, हे त्यांनी जगास ऐकविले. त्यांच्या मांडणीची मर्यादा अशी की, निष्पर्ण फांदीकडे पाहताना झाडाच्या मुळाकडे त्यांचे लक्ष कमी गेले.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना येथे कामास भरपूर वाव आहे. विदर्भातील एखादे कापूसपिकाचे खेडे घेऊन तेथील तिशी ओलांडलेल्या अविवाहित पुरुषांच्या व त्याच खेड्यातील नाकारल्या गेलेल्या मुलींच्या मुलाखती एकत्र घेतल्या पाहिजेत. एकाच बाजूच्या नव्हेत. इतवारीतील एकट्या राहणाऱ्या मजुरांच्या खोल्या, खानावळी व मंडळे ह्यांची पाहणी झाली पाहिजे. न्यायालयीन निकालपत्रांतून आरोपीची वैवाहिक स्थिती नोंदवून घेणे हे तर एका सत्रात होण्यासारखे काम आहे. त्याने उपपत्तीच्या मूळ दाव्याची कसोटी लागेल. २०११ साली मोजली गेलेली बालके विवाहाच्या वयात येण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत. ती वेळ येईल तेव्हा ह्या तरुणांकडे संशयाने पाहावयाचे की त्यांच्याशी बोलावयाचे, हे आपण आज कोणती माहिती गोळा करतो, त्यावर पुष्कळसे अवलंबून राहील.